चारी कोपरे शाबूत

हा गृहस्थ ओळखायला सोपा. न्यू जर्सीतल्या एखाद्या गावात, फायर ब्रिगेडच्या हॉलमध्ये रविवारी जुन्या बेसबॉल कार्डांचा बाजार भरतो. दार उघडायच्या आधीच रांगेत पहिला उभा असतो तो हा. सत्तरी गाठलेली, गळ्यात भिंग, खिशात घडीवर विरलेली यादी आणि डोक्यावर ब्रुकलिन डॉजर्सची टोपी. हा संघ १९५७चा मोसम संपल्यावर लॉस एंजेलिसला निघून गेला. ह्याच्या लेखी मात्र मंडळी जरा बाहेरगावी गेलीत. हस्तांदोलनाला हात पुढे केलात, तर तो आधी तुमची बोटं न्याहाळतो. वेफर्स खाल्लेल्या माणसाशी लांबूनच बोलतो.

कार्डांना एक ते दहा गुण देणाऱ्या कंपन्या आहेत. फी घेऊन कोपरे, कडा, चित्र मधोमध छापलंय की नाही हे तपासायचं आणि कार्ड प्लॅस्टिकच्या कवचात कायमचं बंद करून परत पाठवायचं, हा त्यांचा धंदा. ही गुणांची सवय पुढे घरात शिरते. बायकोनं नवा ड्रेस घालून 'कसा दिसतो?' विचारलं. हा म्हणाला, "डावीकडे किंचित सरकलाय, पण आठ सहज मिळतील." त्या संध्याकाळी जेवण बाहेरून मागवावं लागलं.

खरी गंमत या गुणांतच आहे. टॉप्स कंपनी ही कार्डं पोरांना च्युइंगगमबरोबर विकायची. पोरं ती सायकलच्या आऱ्यांत अडकवून फटफट आवाज काढत, भिंतीशी उडवून पैजा लावत, पँटच्या खिशात ठेवून धुवायला टाकत. ज्या कार्डावर कुणा पोरानं असा जीव लावला, ते आज तीन गुणांचं. आणि ज्याला बेसबॉलचं काडीचं प्रेम नव्हतं, ज्यानं गम चघळला आणि कार्ड खणात टाकून दिलं, त्याचं नऊ गुणांचं. प्रेमाला इतक्या रोखठोक भावात दंड करणारा दुसरा बाजार मी पाहिलेला नाही.

अँडी पाफ्को हे नाव आपल्या गृहस्थासमोर चुकूनही काढू नये. तासभराची निश्चिती. टॉप्सच्या १९५२च्या संचात ४०७ कार्डं होती आणि पहिल्या क्रमांकाचं कार्ड होतं पाफ्कोचं. नीटनेटकी पोरं कार्डं क्रमानं लावून गड्डीला रबरबँड घालत. रबर रुतायचा तो पाफ्कोच्या अंगात. गड्डी टेबलावर आपटली, तिच्यावर दुधाचा ग्लास ठेवला, तरी सोसायचं पाफ्कोनंच. त्यामुळे चारी कोपरे शाबूत असलेला पाफ्को मिळणं महाकठीण. १९९८मध्ये असाच एक दहा गुणांचा पाफ्को ८० हजार डॉलरच्या वर विकला गेला.

"आणि माणूस कोण होता माहितेय?" इथे गृहस्थाचा आवाज बदलतो. हा पाफ्को १९४५ साली शिकागो कब्जकडून वर्ल्ड सिरीज खेळला. त्यानंतर कब्जना पुन्हा तिथवर पोचायला २०१६ उजाडलं. १९५१च्या जूनमध्ये त्याला ब्रुकलिनला धाडलं आणि ३ ऑक्टोबरला न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर, निर्णायक सामन्याच्या शेवटच्या डावात, प्रतिस्पर्धी संघाच्या बॉबी थॉमसननं तो जगप्रसिद्ध होमरन मारला. चेंडू डावीकडच्या भिंतीपलीकडे गेला. भिंतीखाली मान वर करून उभा होता पाफ्को. सतरा मोसम, २१३ होमरन, आणि लोकांना आठवतं काय, तर डोक्यावरून गेलेला चेंडू. "वर पुन्हा रबरबँड!" असं म्हणून गृहस्थ डोळे पुसतो. पाफ्कोसाठी की ब्रुकलिनसाठी, हे विचारायची सोय नाही.

त्याचा स्वतःचा मूळ संग्रह अर्थातच आईनं फेकला. या पंथात आईनं संग्रह फेकल्याशिवाय दीक्षाच मिळत नाही. मुलगा कॉलेजला किंवा लष्करात गेला, आईनं खोली आवरली, बुटांचं खोकं कचऱ्यात गेलं. सगळ्यांची कहाणी हीच. तमाम अमेरिकन आयांनी खोकी जपून ठेवली असती, तर आज त्या कार्डांना कुत्रं विचारतं ना. किंमत आईनंच चढवली, असं मी एकदा म्हणालो. त्यानं माझ्याकडे तीन गुणांच्या कार्डाकडे पाहावं तसं पाहिलं.

न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर बाकीचे लोक समुद्र बघतात, हा गोदाम बघतो. १९५२चा संच आखणारे टॉप्सचे साय बर्गर यांनी, न खपलेली कार्डं १९६०मध्ये पडावातून नेऊन त्याच समुद्रात बुडवली. त्यांत नामांकित खेळाडू मिकी मँटलची कार्डंही होती. त्यातलंच एक, न बुडलेलं, २०२२मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना गेलं. या किमतीविषयी मात्र गृहस्थाला तुच्छता आहे. "ते मँटलचं पहिलं कार्डसुद्धा नाही! पहिलं बोमन कंपनीचं, १९५१चं." त्याच्या मते पैसेवाले लोक कार्डाची पुढची बाजू विकत घेतात, मागची वाचतच नाहीत.

हा वाचतो. पोटच्या पोरांचे वाढदिवस त्याला बायको सांगते, पण बॉब यूकर दहातले आठ वेळा बाद व्हायचा आणि पुढे त्याच नालायकीचे विनोद सांगत नामांकित समालोचक झाला, हे तो झोपेतही सांगेल. पायरेट्स संघाचा रिची हेबनर हिवाळ्यात थडगी खणायचा. १९६९च्या संचात ऑरेलियो रॉड्रिगेझच्या नावाखाली फोटो छापलाय तो बॅटी सांभाळणाऱ्या पोऱ्याचा. मोठ्या खेळाडूंना चरित्रकार मिळतात. या मंडळींना हा एकटा.

आता या पंथाच्या मूळपुरुषाबद्दल. सिराक्यूजचे जेफरसन बर्डिक. संधिवातानं बोटं आखडलेली असताना त्यांनी बेसबॉलची ३० हजारांवर कार्डं जमवली, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिली, आणि तिथे बसून स्वतःच्या हातानं वहीत लावली. डिंकानं! हा शब्द निघाला की गृहस्थ खुर्ची शोधतो. संतानं देव्हाऱ्यात चिखलाचे पाय घेऊन यावं आणि भक्तांना बोलता येऊ नये, तशी अवस्था.

हल्ली बायकोच्या तंबीमुळे तो बाजारात भाड्यानं टेबल घेतो, 'आता विकूनच टाकतो' म्हणून. मागच्या खेपेस मी शेजारी बसलो होतो. एकानं त्याचा पाफ्को उचलला. रबराचा वळ स्पष्ट दिसणारा, दोन गुणांचाही नसेल. "किती?" गृहस्थानं आकडा सांगितला. गिऱ्हाइकानं मुकाट्यानं पाकीट काढलं. त्याबरोबर आकडा दुप्पट झाला. गिऱ्हाईक कुरकुरत तयार झालं, तर गृहस्थाला आठवलं की हे कार्ड आधीच एकाला कबूल केलंय. दुपारी टेबल माझ्या हवाली करून तो 'जरा पाय मोकळे करायला' गेला आणि दोन खोकी घेऊन परतला. घरी बायकोनं विचारलं, "काही गेलं का?"

"तर! टेबलाचं भाडं गेलं," असं म्हणून तो खोक्यांसकट तळघरात उतरला.