पाद्रीबुवांचे भाडेकरू

बहिरी ससाण्याला घरटं बांधता येत नाही. ताशी तीनशे किलोमीटरहून अधिक वेगानं सूर मारणारा हा पक्षी संसाराच्या बाबतीत मात्र अगदीच अव्यवहारी. कड्याच्या कपारीत थोडी माती-खडी दिसली की छाती टेकून खळगा करायचा, त्यात तीन-चार अंडी घालायची, झालं घर! आपल्या सह्याद्रीतला त्याचा भाऊबंद शाहीन असाच राहतो. तिथे कड्यांना तोटा नाही, त्यामुळे कुणाच्या पायऱ्या झिजवाव्या लागत नाहीत.

इंग्लंडातल्या शहरांत कडे कुठून आणायचे? पण तिथल्या भाविकांनी शेकडो वर्षांपूर्वी देवासाठी उंचच उंच दगडी मनोरे उभारून ठेवले होते. ससाण्याच्या लेखी ते कडेच. अडचण एवढीच, की दगडी सज्ज्यावर खडी नसते. अंडी गडगडतात, नाहीतर पन्हळीत भिजत पडतात. मग पक्षिमित्र लाकडी ट्रे करतात, तळाला पाणी निघायला भोकं पाडतात आणि बारीक गोट्यांची पोती मनोऱ्यावर चढवतात. डर्बीच्या कॅथीड्रलवर २००६ साली अशी सोय झाली, नॉरिचला २०११ साली. सॉल्झबरीच्या १२३ मीटर उंच कॅथीड्रलवर तर १९५३ नंतर थेट २०१४ साली पिल्लं झाली.

हे सगळं कौतुक कुणाचं, तर ज्याला १९४० साली सरकारनंच मारायचा हुकूम काढला होता, त्याचं! युद्धात निरोप नेणारी कबुतरं तो वाटेतच गट्ट करायचा. त्यातून वाचला तो डीडीटीच्या तावडीत सापडला. अंड्यांची कवचं इतकी पातळ झाली, की आईच्याच वजनानं फुटू लागली. ब्रिटिश पक्षिअभ्यासक डेरेक रॅटक्लिफ यांनी १९६७ साली हे दाखवून दिलं, ते संग्राहकांनी जमवलेल्या जुन्या अंड्यांशी तुलना करून. घरट्यातून पळवलेला ऐवजच शेवटी साक्षीला आला!

आता १९८१ च्या कायद्यानं विणीच्या काळात घरट्याजवळ त्यांना त्रास देणं गुन्हा आहे. मनोरा गळू लागला, तरी पिल्लं उडेपर्यंत गवंड्यानं खालीच थांबायचं. मुंबईतल्या पागडीच्या भाडेकरूलाही एवढं संरक्षण नसेल.

पेच खरा धार्मिकच आहे. ख्रिस्ती परंपरेत पवित्र आत्मा कबुतराच्या रूपानं येतो. खिडक्यांच्या रंगीत काचांवर ते पांढरंशुभ्र पंख पसरून असतं. आणि वर मनोऱ्यात रोज न्याहारीला तेच! पाद्रीबुवा या विषयावर प्रवचन देत नसावेत, असा माझा अंदाज. बाथ, ब्रिस्टल, एक्सेटरला घरट्यांखालचे अवशेष तपासले, तर टिबुकली आणि लावाही सापडले. हे पक्षी रात्री स्थलांतर करतात. मग दिवसा शिकार करणाऱ्या ससाण्याला ते मिळाले कुठून? उत्तर दिव्यांत आहे. देवाची इमारत रात्री उजळून दिसावी म्हणून लावलेला प्रकाश वरून जाणाऱ्यांची पोटं उजळतो, आणि ससाणा त्याचा आपल्या पोटासाठी उपयोग करतो.

भाड्याचं म्हणाल, तर हे कुटुंब ते वेळेवर आणि थेट दारात टाकतं: एखादा पंख, कबुतराचं मुंडकं, मूठभर पिसं. लग्न असेल त्या दिवशी नवरी यायच्या आत कुणीतरी झाडू घेऊन जावं, म्हणजे झालं.