भाच्याच्या बॅगेतला फोन

परदेशातल्या मोबाइलचा भाव काढण्याची वर्धा जिल्ह्यातली रीत सोपी आहे. तिथली किंमत डॉलरमध्ये घ्यायची, रुपयांत फिरवायची आणि इथल्या दुकानदाराच्या भावातून वजा करायची. उरेल तो नफा. विमानाचे तिकीट या गणितात धरत नाहीत, कारण ते परदेशातून येणाऱ्या भाच्याने काढलेले असते.

हा नफा मुख्यतः कराच्या फरकातून येतो. भारतात मोबाइलवर १ एप्रिल २०२० पासून १८ टक्के जीएसटी आहे. आधी तो १२ टक्के होता. बाहेरून येणाऱ्या तयार फोनवर सीमाशुल्क वेगळे. २०२४ च्या अर्थसंकल्पाने ते २० वरून १५ टक्क्यांवर आणले. दुबईत व्हॅट ५ टक्के. अमेरिकेत विक्रीकर दुकानातल्या पाटीवर दिसत नाही, थेट बिलात उगवतो, आणि तोही राज्यागणिक वेगळा. ओरेगॉनमध्ये तो मुळीच नाही. भाचा टेक्सासात राहत असला, तरी आर्वीच्या मामांना पाठ असतो तो भाव ओरेगॉनचा.

फोनचा प्रवास मात्र अभ्यासण्याजोगा आहे. तमिळनाडूत श्रीपेरुम्बुदूरला जुळवलेला आयफोन अमेरिकेला जातो, तिथे स्वस्त म्हणून घेतला जातो आणि सामानातून हिंगणघाटला परत येतो. याच जिल्ह्यात, वर्ध्याला, १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. स्वदेशी मालाला सातासमुद्रापार फिरवून आणण्याची ही युक्ती त्याचे कर्ते जे. सी. कुमारप्पा यांना काही सुचली नव्हती.

अशा मालाच्या उणिवा घरी आल्यावर कळतात. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला २०२२ च्या चौदाव्या मालिकेपासून सिमकार्डाची जागाच नाही. बऱ्याच जपानी फोनचा कॅमेरा आवाज केल्याशिवाय फोटो काढत नाही. हा शोध बहुधा भर कीर्तनात लागतो. अमेरिकी मिक्सर १२० व्होल्टचा असतो. इथल्या २३० व्होल्टवर तो एकदाच चालतो, पण जोरात.

परदेशातून टीव्ही आणण्याचे पर्व तर केव्हाच आटोपले. रुपया कोसळत असताना सरकारने २६ ऑगस्ट २०१३ पासून सपाट पडद्याचा टीव्ही प्रवाशाच्या शुल्कमाफ सामानातून वगळला. १८ वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप मात्र बिनशुल्क आणता येतो. भाच्याला तो स्वतःच्या कामासाठी लागतो, ही अडचण नातेवाईक फारशी मोठी मानत नाहीत. ‘काय बाप्पा, एवढ्या दूरून आला अन् नुसते चाकलेट आणले?’ हा प्रश्न सीमाशुल्क अधिकाऱ्याच्या प्रश्नाहून अवघड असतो.

हिशेब खरा करायचा तर कार्डावरचे परकीय चलनाचे शुल्क, विमानतळावरचा कर आणि बऱ्याचदा खरेदीच्या देशापुरतीच असलेली वॉरंटी, हे सारे वजाबाकीत घ्यावे. एवढे करूनही फरक उरला तर फोन अवश्य मागवावा. नाही तर भाच्याला बॅगेत त्याचे कपडे भरू द्यावेत.