पुठ्ठ्याचे भाव

अहो वहिनी, कुंपणापाशी या जरा. मोठ्यानं नाही बोलत, वर पोराची खिडकी उघडी आहे. दोन दिवस झाले, तोंड पाडून बसलाय. जेवतो, पण माझ्याशी बोलत नाही.

झालं काय, परवा मी पोळ्या करत होते. ओट्यावर एक कार्ड दिसलं, बेसबॉलच्या यँकीज संघाचा कुणी नवा पोरगा बॅट उगारून उभा. हरवायला नको म्हणून कणकेच्या हातानं उचललं आणि फ्रिजवर चुंबकाखाली लावलं. एवढंच! शाळेतून आला तो असा किंचाळला, मला वाटलं गॅस राहिला की काय. रुकी कार्ड होतं म्हणे, म्हणजे खेळाडूचं पहिल्या वर्षाचं. ग्रेडिंगला पाठवायचं होतं.

ग्रेडिंग म्हणजे कांदेपोह्यांचा कार्यक्रमच हो! कोपरे चारी टोकदार हवेत, कडा झिजलेल्या नकोत, चित्र बरोब्बर मधोमध हवं, अंगावर ओरखडा चालत नाही. भिंगातून बघून दहापैकी गुण देतात आणि जाड प्लॅस्टिकात सीलबंद करून परत पाठवतात. दहाला जो भाव, तो नऊला नाही. आणि आमच्या कोपऱ्यावर कणीक! "आई, सॉफ्ट कॉर्नर झाला," म्हणतो. मी विचारलं, इस्त्री फिरवू का? तर रडायलाच लागला.

आमचे हे त्याच्याच बाजूचे. लहानपणी पुण्यात बिग फन बबलगमबरोबर क्रिकेटवाल्यांची चित्रं मिळायची, आठवतं? यांनी पिशवीभर जमवली होती, ती सासूबाईंनी रद्दीवाल्याला दिली. तो घाव अजून ओला आहे. "सगळ्या आया सारख्याच," म्हणाले. इथे अमेरिकेत एडिसनला आलो तरी सुटका नाही.

तसा पोरगा व्यवहारात कच्चा नाही हं. गेल्या रविवारी हॉटेलच्या हॉलमध्ये कार्ड शो होता, तिथे मी बरोबर गेले होते. शेवटचा सौदा कितीला झाला ते फोनवर बघायचं, त्याच्या ऐंशी टक्के म्हणायचं आणि नाही ऐकलं तर पाठ फिरवायची. तुळशीबागेत मी दुसरं काय करते? फक्त हा विकायला गेला की तोच टेबलवाला साठ टक्के म्हणतो.

पण भांडताना त्यानंच मला एक हत्यार दिलं. मिकी मँटल नावाच्या जुन्या बेसबॉलपटूचं टॉप्स कंपनीचं १९५२ सालचं एक कार्ड २०२२ मध्ये लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. मी लगेच रुपये केले, जित्याची खोड. शंभर कोटी भरले. पुठ्ठ्याच्या तुकड्याचे! का, तर त्या सालची शेवटची कार्डं बाजारात येईपर्यंत बेसबॉल संपत आला, पोरं फुटबॉलकडे वळली. गठ्ठे गोदामात पडून राहिले. १९६० मध्ये कंपनीच्याच साय बर्गर नावाच्या माणसानं ते बार्जवर लादून अटलांटिकमध्ये बुडवले. ती कार्डं आखणाराही तोच! घरोघरी जी काही होती, ती आयांनी आवराआवरीत फेकली.

"म्हणजे आयांनी फेकली म्हणून भाव आला," मी म्हटलं. पोरगा गप्प. पुढे त्याच्याच तोंडून निघालं. जुन्या कार्डांचे भाव ऐकून १९८०च्या दशकाच्या शेवटी लोक शहाणे झाले. सगळ्यांनी जपून ठेवली, कंपन्यांनी वारेमाप छापली. आता त्यातली बहुतेक कुणी फुकट नेत नाही. बघा!

आणि ते मँटल विकलं कुणी, सांगू? आपल्या न्यू जर्सीच्याच माणसानं. १९९१ मध्ये ५०,००० डॉलरला घेतलेलं. आणि त्याचा धंदा कसला? कचऱ्याचा! मला तर जेवता जेवता ठसकाच लागला.

अगं बाई, ट्रकचा आवाज येतोय. थांबा, थांबा! तुमच्या रिसायकलिंगच्या डब्यात वर ते खोकं कसलं? कार्डंच की! माळ्यावर सापडलं? आधीच्या घरमालकाचं असेल. साल बघा आधी, मागे खाली बारीक छापलेलं असतं. चष्मा नाही? द्या इकडे.

१९९०.

मग जाऊ द्या.