मडगार्ड कुठंय?

माउंटन बाइकिंग 1996 साली अटलांटात ऑलिम्पिकमध्ये शिरलं, बीएमएक्स 2008 मध्ये बीजिंगला. तिथं म्हणे उंचवटे मुद्दाम, पैसे खर्चून बांधतात. कोकणातल्या तळा गावच्या सायकलवेड्याला याचं हसू येतं. पळस्पे ते इंदापूर हा 84 किलोमीटरचा सरावमार्ग त्याच्यासाठी 2011 पासून सरकारी खर्चानं घडत आला. महामार्गाचं चौपदरीकरण हे त्याचं कागदावरचं नाव. वर दर पावसाळ्यात खड्ड्यांची मांडणी नवी! त्यानंतर तळगडाची वाट त्याला सपाटच वाटणार. गिअर, डिस्क ब्रेक आणि पुढचे शॉकअप याशिवाय कोकणात सायकल चालवणं अशक्य, हे त्याचं ठाम मत. बिनगिअरच्या सायकलवर तांदळाचं पोतं लादून चाललेले शेजारचे काका ते शांतपणे ऐकून घेतात आणि विचारतात, "एवढ्या पैशात जुनी मोटारसायकल आली असती की रे! आणि मडगार्ड कुठं पाडलंस?"