हरणीची फिरती

वाईहून साताऱ्यास जावयाचे म्हणजे अकरा-बारा कोसांची मजल, आणि ती माझ्यासारख्या मराठी चौथीतल्या मुलाने एकट्याने घोड्यावरून करावी, हा विचार आमच्या आजोबांखेरीज अन्य कोणास सुचला असता असे मला वाटत नाही. कारण मामांसाठी विकत घेतलेली घोडी त्यांच्याकडे पोचती करावयाची आणि मामेबहिणीच्या लग्नास मला आधी धाडावयाचे, ही दोन कामे एकाच खर्चात उरकत असता त्यांत नातवाच्या हाडांचा हिशेब धरण्याचे त्यांना काही प्रयोजन दिसले नाही. ते १९४४ साल होते. महायुद्धामुळे पेट्रोल मोजून मिळे, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत, म्हणजे बहुधा चालत नसत. घोडी मात्र स्वस्तात मिळाली होती. ती एका सर्कल इन्स्पेक्टराची. आणि क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचा दरारा जिल्हाभर असताना सरकारी दप्तर लादलेल्या घोडीवरून माळरानात दुरून दिसणे प्रकृतीस मानवणार नाही, हे ओळखून त्या गृहस्थाने ती फुंकून टाकली होती आणि स्वतः लग्नाच्या वऱ्हाड्याप्रमाणे पायी हिंडू लागला होता.

घोडीचे नाव हरणी. ते ठेवणाराने हरीण पाहिलेले नसावे. अश्वारोहणाचा माझा पूर्वानुभव गणपतीच्या मेळ्यातील लाकडी घोड्यापुरता होता, तरीही पाठीवर बसताच आपण पानिपताच्या रोखाने निघालो आहोत अशी माझी समजूत झाली. हरणीची समजूत वेगळी होती. तिच्या पाठीवर आजवर साहेब असे किंवा दप्तर असे. मी साहेब नाही हे तिने एका दृष्टिक्षेपात ताडले, आणि उरलेल्या सदरात माझी नोंद केली. पुढील आयुष्यात कचेरीतील वरिष्ठांनी आणि घरातील मंडळींनी मला दप्तरच समजून वागवले, पण तो मान प्रथम हरणीचा.

ढोल्या गणपतीस मी घोड्यावरूनच नमस्कार केला. त्यानंतर माझ्या हाती लगाम उरला, पण अंमल उरला नाही. पहिले गाव लागताच हरणी सडक सोडून सरळ चावडीपुढे जाऊन उभी राहिली. सरकारी घोडी पाहून पाटील पागोटे सावरीत आले, राखणदाराने कडब्याची पेंढी टाकली, आणि दोघांनी माझ्यामागे कोणी येत आहे काय हे रस्त्याच्या टोकापर्यंत निरखून पाहिले. ‘साहेब कुठं हाईत?’ या प्रश्नाला ‘मीच आहे’ हे उत्तर पुरेसे पडत नाही, असे तेथे ध्यानात आले. जमाबंदीस लागतो तितका वेळ गेल्यावर हरणी आपण होऊन निघाली. दुसऱ्या गावी तेच. तिसऱ्या गावी तेच. मधल्या रस्त्यात ती एका बांधावर चढली आणि हद्दीच्या दगडापाशी थांबली. तेथे भाऊबंदकीचा काही जुना तंटा असावा, कारण दोन्ही बाजूंच्या शेतांतून दोन माणसे धावत आली आणि आपापली कैफियत मला एकाच वेळी सांगू लागली. मी दोघांसही होय म्हणालो. त्या निकालाविरुद्ध अपील झाल्याचे ऐकिवात नाही.

माघ महिना असल्यामुळे गुऱ्हाळे चालू होती, आणि प्रत्येक गुऱ्हाळाशी हरणीचा गुळाच्या खड्याचा दस्तूर ठरलेला होता. तो हाती पडल्याविना ती चुलवणापासून हलत नसे. साहेबाच्या फिरतीचा अस्सल खर्डा कोणत्याही रोजनाम्यात नव्हता, तो या जनावराच्या डोक्यात होता. कोठे चहा, कोठे कोंबडी, कोठे तांदळाची पायली, हे सर्व ती यथाक्रम, एकही कलम न गाळता, भर दिवसा वाचून दाखवीत चालली होती. सर्वांत दीर्घ मुक्काम तिने एका गावाबाहेरच्या कौलारू घरापुढे केला. तेथे चावडी नव्हती, शेत नव्हते, गुऱ्हाळही नव्हते. दारात केवळ तुळस होती, आणि टापांचा आवाज ऐकून लगबगीने बाहेर आलेली एक बाई मला पाहताच आत गेली व तिने कडी घातली. हरणी हक्काने उभी राहिली. गावची पोरे जमली, मग थोरही जमले, आणि ते जे हसत होते ते माझ्या टोपीला हसत आहेत असे मानून मी टोपी काढून खिशात घातली.

मोठेपणी अमेरिकेतील अबर्नथी बंधूंची हकीकत वाचनात आली, तेव्हा मत्सराने मला जेवण गेले नाही. लुई नऊ वर्षांचा, टेंपल पाच वर्षांचा. १९०९ साली हे दोघे कोणी वडील माणूस बरोबर न घेता ओक्लाहोमातून सांता फेपर्यंत घोड्यांवरून गेले. पुढल्या वर्षी ते न्यू यॉर्कला जाऊन रूझवेल्टसाहेबांच्या स्वागताच्या मिरवणुकीत मिरवले, आणि १९११ साली त्यांनी न्यू यॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को हा पल्ला छपराखाली न जेवता, न निजता बासष्ट दिवसांत गाठला. मुदत साठ दिवसांची होती, म्हणून पैजेचे दहा हजार डॉलर बुडाले. त्यांचा बाप नुसत्या हातांनी लांडगे पकडीत असे. अशा घरात मुलांना घोड्यावर बसवून देणे समजू शकते. आमच्या आजोबांनी हातात नुसती जपमाळ धरलेली मी पाहिली आहे. शिवाय अबर्नथींच्या घोड्यांना वसुलाचा अनुभव नव्हता.

रात्र पाचवडास चावडीच्या ओट्यावर काढली. दुसऱ्या दिवशी वाई तालुक्याची हद्द संपली आणि हरणी थांबली ती कायमची. तिच्या अधिकारक्षेत्रापलीकडे पाऊल टाकण्यास ती कोणत्याही उपायाने राजी होईना. मी टाच मारली, आर्जवे केली, अखेर रडलो. शेण्या वेचणारी एक म्हातारी जवळ आली. घोडी तिने ओळखली, मला खालून वर न्याहाळले आणि म्हणाली, ‘सरकारची मोठी मानसं सरली व्हय? आता पोरं धाडाया लागलं?’

तिचा मुलगा मराठा पलटणीत होता. त्या पलटणी तेव्हा इटलीत लढत होत्या. इटली कोठे आली, असे तिने मला विचारले. मी शाळेतल्या नकाशाच्या आधाराने सांगितले की समुद्राच्या पलीकडे. तिथवर घोडे जाते का, हा तिचा पुढचा प्रश्न. मी नाही म्हणालो. तिने पदरची अर्धी भाकरी माझ्या हातात दिली, लगाम धरला आणि हरणीला काहीबाही बोलत, कोसभर पायी चालून, परतालुक्यात आणून सोडले. जाताना माझ्या गुडघ्यावर हात ठेवून तिने तिच्या मुलाचे नाव मला दोनदा घोकायला लावले.

पुढे हरणीला कशातच रस उरला नाही, त्यामुळे ती झपाट्याने चालली. लिंबची बारा मोटांची अष्टकोनी विहीर, शाहू महाराजांच्या काळातली, मला पाहावयाची होती. पण तेथे तिचे काही येणे नव्हते. अजिंक्यताऱ्यावर दिवेलागण होण्याच्या सुमारास मी मामांच्या दारी उतरलो, आणि लग्नाचे सारे विधी उभ्याने पाहिले.

साताऱ्यात ती घोडी निरुपयोगी ठरली. पावसाळ्यापूर्वी मामांनी ती वाईकडे नव्याने बदलून आलेल्या, परिस्थितीची पुरती कल्पना नसलेल्या एका सर्कल इन्स्पेक्टरास पाच रुपये नफ्याने विकली, आणि हरणी आपल्या जुन्या खात्यात पुन्हा रुजू झाली.