विकायला बसलेल्या आन्टी

डिसेंबरातल्या एखाद्या रविवारी वांद्रे, गोराई, उत्तन, कुठल्याही चर्चच्या आवारात डोकवा. सकाळची मिस्सा नुकतीच संपलेली असते आणि मांडवाखाली नाताळच्या विक्रीची टेबलं लागलेली असतात. त्यातली जी बाई गिऱ्हाईक आलं की नाराज होते, त्या आपल्या आन्टी.

आन्टी ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्याच मूळच्या कॅथलिक समाजातल्या. साठी उलटलेली, चष्मा गळ्यात दोरीला. समोर कुलकुलं, नेवऱ्या, मिल्क क्रीम, मार्झिपान, थाली स्वीट, पेरूचं चीज. बघणाऱ्याला वाटतं, या विकायला बसल्यात. छे! आपला माल कोणाच्या घरी पडतोय ते बघायला बसल्यात. मुलगी द्यायची तशी चौकशी होते. घरात किती माणसं? कुठल्या गावठाणातले? डबा घट्ट झाकणाचा आहे ना? "कुलकुलं मऊ पडली तर नाव माझं जाईल," म्हणतात आणि पुडा पुन्हा स्वतःकडे ओढतात.

कुलकुल म्हणजे मैदा-नारळाच्या दुधाची इवलीशी गोळी काट्याच्या पाठीवर नाहीतर कोऱ्या कंगव्यावर दाबून वळायची आणि तळायची. घरची सगळी माणसं टेबलाभोवती बसवून आन्टी ती करवून घेतात. ज्याची बिघडतील त्याला ती जागच्या जागी खावी लागतात. म्हणून जावई मुद्दाम बिघडवतो, असा त्यांचा संशय आहे. शेजारच्या टेबलावरची कुलकुलं एकसारखी दिसतात, हे त्या येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. स्तुती म्हणून नव्हे. "मशीन," एवढंच, पण शेजारणीला ऐकू जाईल असं.

मार्झिपान त्यांच्याकडे बदामाचंच. बदाम महाग म्हणून हल्ली बरेच जण काजूवर भागवतात. तसं कोणी मागितलं, की मिठाईवाल्याच्या दुकानाचा पत्ता मिळतो. दादरहून हौसेने आलेल्या एका बाईंनी, "केक एगलेस आहे का हो?" असं विचारलं तेव्हा आन्टी बराच वेळ क्रुसाकडे बघत राहिल्या. मग शेजारच्या टेबलाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ती देईल. तिला सगळं चालतं." भाव जास्त आहे म्हणालात तर उत्तर आणखी लांबून येतं: "आमची ईस्ट इंडियन असोसिएशन १८८७ची आहे, बाबा." याचा किमतीशी संबंध काय, हे विचारायची छाती अजून कोणाची झालेली नाही.

खरी कसोटी बॉटल मसाल्याची. मिरच्या, धणे, हळकुंड, दगडफूल, नागकेसर, शिवाय भाजलेले गहू नि चणे. कोणाच्या घरी वीस जिन्नस, कोणाच्या घरी तीस. पावसाआधी उन्हात वाळवायचं, भाजायचं, कुटायचं आणि तपकिरी बिअरच्या बाटल्यांत ठासून भरायचं, म्हणजे उजेड लागत नाही. त्या बाटल्या रिकाम्या करण्याची जबाबदारी वर्षभर अंकल एकट्याने पेलतात, आणि कधी कंटाळले आहेत असं ऐकिवात नाही. मसाल्यात काय काय आहे असं विचारलंत तर आन्टी पाच-सहा नावं सांगतात. तीही रोज वेगळी.

टेबलावर दिसतो तो माल दुय्यम. उत्तम पुडे टेबलाखाली, चादरीआड असतात: फादरसाठी, सुइणीच्या सुनेसाठी, कॅनडातल्या नातवासाठी. त्यांचे पैसे अर्थात घ्यायचे नसतात. संध्याकाळी हिशेब होतो तेव्हा नफा कुठे गेला हे आन्टींना कळत नाही, आणि दोष क्यूआर कोडाला जातो.

धंदा होतो तो फक्त आन्टी चहाला गेल्यावर. अंकल हसतात, वजन करतात, वर दोन नेवऱ्या टाकतात आणि दहा मिनिटांत अर्धं टेबल रिकामं. आन्टी परत येऊन बघतात. "कोनाला दिलं? नाव तरी विचारलं?" अंकल खिशातल्या नोटा दाखवतात. नोटांवर नाव नसतं, म्हणून भांडण होतं.

तेव्हा गोड हवं असेल तर आन्टींचा चहा होईपर्यंत टेबलाजवळ घुटमळत राहा. मसाल्याची बाटली हवी असेल, तर डिसेंबरात येऊन उपयोग नाही. ती मसाला कुटायच्या आधी, उन्हाळ्यातच सांगून ठेवावी लागते, आणि तीही अंकलना नव्हे, आन्टींनाच.