भाकरीची सरासरी

परभणीत कृषी विद्यापीठ १९७२ साली आलं. ज्वारीची भाकरी त्याच्या फार आधीपासून होती. तेव्हा ‘जमली’ आणि ‘बिघडली’ एवढ्या दोनच श्रेण्या होत्या. संशोधनाने त्या नऊ केल्या. ९ म्हणजे ‘अत्यंत आवडली’, १ म्हणजे ‘अत्यंत नावडली’, मध्ये ५ म्हणजे ‘ना आवडली, ना नावडली’.

इथवर ठीक. घोळ होतो तो सरासरी काढताना. समजा, ‘परभणी मोती’ या ज्वारीच्या वाणाची भाकरी एकाने वाखाणली, ९ दिले; दुसऱ्याने तोंड वाकडं करून १ दिला. सरासरी ५. म्हणजे दोघंही म्हणाले नाहीत ते मत प्रबंधात नोंदलं गेलं! ‘बरी’ आणि ‘चांगली’ यांतलं अंतर ‘चांगली’ आणि ‘उत्तम’ यांतल्या अंतराएवढंच, हे कोणत्या टेपने मोजलं, ते कुणी विचारू नये.

प्रत्येकाची आवड क्रमाने लावा आणि फक्त क्रमच तपासा, ही पद्धत मिल्टन फ्रीडमन यांनी १९३७ सालीच देऊन ठेवली. पुढे त्यांना नोबेल मिळालं, तेही अर्थशास्त्राचं. पण क्रमाला दशांश चिन्ह नसतं, आणि ‘७.४३’ लिहिल्याशिवाय तक्ता शास्त्रीय दिसत नाही.

खरं तर क्रमाचं शास्त्र परभणीकरांना कुणी शिकवायला नको. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे आपण छातीठोकपणे सांगतो. किती गुणांनी, हे आजवर एकानेही सांगितलेलं नाही.